टॅब घ्यायचाय? दुकानात जाण्याआधी अर्धा किलो साखरेची पिशवी हातात धरून बघा

दिवाळीचे सेल सुरू झाले किंवा बारावीचे निकाल लागले, की फोनवर एक मेसेज ठरलेला असतो. यंदा तो मावसबहिणीचा होता. ‘दादा, पंचवीस हजारांत चांगला टॅब कोणता?’ सोबत पाच मॉडेलच्या लिंक, आणि प्रत्येकाखाली कुणीतरी ‘बेस्ट’ असं लिहिलेलं.

ती बदलापूरला राहते, ठाण्यात एका ऑफिसात काम करते आणि एमपीएससीचा अभ्यास करते. नोट्स पीडीएफमध्ये, लेक्चर फोनवर. रात्री अकरापर्यंत त्या साडेसहा इंचांत बघून डोळे चुरचुरतात. घरात लॅपटॉप आहे, पण तो भावाकडे असतो आणि लोकलच्या गर्दीत काढण्यासारखाही नाही. पंचवीस हजार तिने आठ महिने बाजूला टाकून जमवलेत. चुकीचा टॅब आला तर पुढचा घ्यायला आणखी आठ महिने, आणि परीक्षा त्याआधीच.

मी लिंक उघडल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘टॅब तू उघडणार कुठे?’

हा प्रश्न मला स्वतःला तीन वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं. तेव्हा मी बारा इंचांच्या वरचा टॅब घेतला होता. स्क्रीन सुंदर, आवाज झकास. मग कीबोर्डवालं कव्हर घेतलं, पेन घेतलं. एक दिवस सहज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ते सगळं ठेवलं, तर काटा १ किलो ३०० ग्रॅमवर. १३ इंची मॅकबुक एअर १ किलो २४० ग्रॅमचा असतो! म्हणजे मी लॅपटॉपपेक्षा जास्त ओझं वाहत होतो आणि पाठीवर लॅपटॉपही नव्हता. आता तो टॅब मिक्सरला टेकून उभा असतो. त्यावर रेसिपी बघितल्या जातात. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी एवढे पैसे घालायची गरज नव्हती.

टॅबच्या जाहिरातीत प्रोसेसर, रॅम, कॅमेरा आधी येतात. घराबाहेर वापरायचा असेल तर क्रम उलटा लावा. आधी वजन आणि आकार, मग स्क्रीनवर तुमचा मजकूर कसा दिसतो ते, मग तो किती वर्षं चालेल हे. प्रोसेसर त्यानंतर.

हातात किती, पिशवीत किती

२०१० मध्ये ॲपलने पहिला आयपॅड आणला तेव्हा त्याचं वजन ६८० ग्रॅम होतं. आता ११ इंचांच्या आसपासचे बहुतेक टॅब पाचशे ग्रॅमच्या आगेमागे आहेत. २०२५ चा साधा आयपॅड ४७७ ग्रॅम, सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ प्लस ४८० ग्रॅम. लहान आकारात ए९, म्हणजे ८.७ इंची, ३३२ ग्रॅम आणि आयपॅड मिनी ८.३ इंची, २९३ ग्रॅम. १३ इंची आयपॅड एअर सहाशेच्या वर जातो. यात कव्हर धरलेलं नाही. साधं फ्लिप कव्हर घातलं तरी दोनेकशे ग्रॅम सहज वाढतात.

आकडे वाचून हाताला काही कळत नाही. म्हणून बहिणीला सांगितलं, एक पुठ्ठा २६ सेंटीमीटर बाय १७ सेंटीमीटर काप. ११ इंची टॅब साधारण एवढा असतो. त्याला मागून अर्धा किलो साखरेची पिशवी चिकटव आणि वीस मिनिटं पुस्तकासारखा धरून बस. मग उभी राहा, एक हात वर कर, लोकलची कडी धरल्यासारखा, आणि दुसऱ्या हातात तो पुठ्ठा धर.

ती हसली, पण करून बघितलं. संध्याकाळी मेसेज आला: ‘बसून चालतं. उभं राहून तीन मिनिटं पण नाही.’

यातून पुढचं बरंच आपोआप सुटलं. सकाळी बदलापूरहून सुटणारी गाडी असते, तिला बसायला मिळतं, ठाण्यापर्यंत पाऊण तास. तो वाचनाचा वेळ. संध्याकाळी ठाण्यात चढताना पाय ठेवायला जागा मिळाली तरी खूप. तेव्हा टॅब पिशवीतच राहणार, कानात इअरफोन घालून फोनवरचं लेक्चर ऐकायचं. जाताना आणि येतानाही उभं राहावं लागत असतं तर मी तिला आठ इंचीच सुचवला असता किंवा टॅब घेऊच नको म्हटलं असतं.

पानाचं गणित

टॅबचा इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ए-४ कागदाचा कर्ण मोजला तर १४.३ इंच भरतो. आपल्या नोट्स, प्रश्नपत्रिका, सरकारी जीआर सगळे ए-४ आकाराचे. ते पान टॅबवर उभं धरून पूर्ण बघायचं तर लहान होणारच. किती?

ए९ प्लससारख्या ११ इंची, १६:१० आकाराच्या स्क्रीनची रुंदी उभी धरल्यावर सुमारे ५.८ इंच येते. कागदाची रुंदी ८.३ इंच. म्हणजे पान ७० टक्क्यांवर आलं. ८.७ इंची टॅबवर ते ५४ टक्क्यांवर येतं. साध्या आयपॅडची स्क्रीन थोडी चौकोनी असल्यामुळे तिथे ७५ टक्के मिळतात. आता हे अक्षरांना लावा. कागदावर १२ पॉइंटमध्ये छापलेला मजकूर ११ इंची टॅबवर साडेआठ पॉइंटसारखा दिसेल आणि ८.७ इंचीवर साडेसहासारखा. साडेसहा म्हणजे औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी.

इंग्रजीला हे कदाचित चालून जाईल. मराठीला जड जातं. आपल्या ओळीत अक्षराच्या वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार असतात, मध्ये ‘ष्ट्र’, ‘त्त्व’, ‘द्ध’ अशी जोडाक्षरं. अक्षर बारीक झालं की ‘ध’ आणि ‘घ’ एकच वाटू लागतात. त्यात स्कॅन केलेल्या नोट्स असतील तर विचारू नका. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत एकच प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत दोनदा छापलेला असतो, त्यामुळे पान आधीच गच्च. लहान टॅबवर ते दोन बोटांनी मोठं करायचं, डावीकडे सरकवायचं, उजवीकडे सरकवायचं. कादंबरी किंवा बातम्या वाचायच्या असतील तर मात्र आठ इंची टॅब उत्तम, कारण तिथे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी आपोआप जुळतात. पीडीएफमध्ये तसं होत नाही.

अक्षर किती स्वच्छ दिसेल, हे एका इंचात किती पिक्सेल बसवलेत त्यावर ठरतं. याला पीपीआय म्हणतात. ए९ वर हा आकडा १७९ च्या आसपास आहे, ए९ प्लसवर २०६, साध्या आयपॅडवर २६४, मिनीवर ३२६. ‘एचडी’, ‘फुल एचडी’ या शब्दांपेक्षा हा आकडा बघा. मराठी वाचनासाठी दोनशेच्या खाली मी जाणार नाही.

चौकोनी स्क्रीनवर सिनेमा बघताना वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, लांबट स्क्रीनवर त्या कमी दिसतात. वाचन जास्त असेल तर चौकोनी, वेबसिरीज जास्त असेल तर लांबट.

दुकानात डेमो टॅबवर जो व्हिडिओ चालू असतो तो कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतो. तो बंद करा. आपली सगळ्यात वाईट पीडीएफ, वाकडी स्कॅन झालेली, फिकट, ती घेऊन जा आणि तिथे उघडून एक पान पूर्ण वाचा. मग टॅब दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात धरा. स्वस्त टॅबच्या स्क्रीन ४०० निट्सच्या आसपास असतात, आयपॅड ५०० चा. नव्या फोनना हजाराच्या वरची सवय झालेल्या डोळ्यांना एसटीच्या खिडकीशी या दोन्ही मंदच वाटतील.

सिमवाला की वाय-फाय?

इथे लोक सर्वात जास्त गोंधळतात. सिमवाला टॅब महाग असतो. अँड्रॉइडमध्ये फरक बहुधा दोन-चार हजारांचा. साध्या आयपॅडमध्ये २०२५ च्या मार्चमध्ये तो आला तेव्हा वाय-फाय मॉडेल ३४,९०० रुपयांना आणि सिमवालं ४९,९०० ला होतं. पंधरा हजारांचा फरक! फोनचा हॉटस्पॉट चालू करून काम भागत असेल तर हे पैसे वाचवा. फोनची बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, एवढंच.

पण तीन गोष्टी आधी माहीत असू द्या. पहिली, यूपीआयची ॲप नंबर पडताळायला त्याच डिव्हाइसमधल्या सिमवरून एसएमएस पाठवतात. वाय-फाय टॅबवर त्यामुळे यूपीआय सुरू होत नाही. दुसरी, वाय-फाय आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, गाडीत नकाशा लावायचा विचार असेल तर अडचण येईल. तिसरी, सिमवाला आयपॅड घेतला म्हणून त्यावरून साधा फोन लागतो असं नाही. त्याचं सिम फक्त इंटरनेटसाठी. अनेक अँड्रॉइड टॅबवर मात्र कॉल लागतो.

सोशल मीडियासाठी टॅब घेणाऱ्यांनाही एक सांगतो. आयपॅडवर व्हॉट्सॲपचं स्वतःचं ॲप मे २०२५ मध्ये आलं आणि इन्स्टाग्रामचं सप्टेंबर २०२५ मध्ये. त्याआधी इन्स्टाग्रामसाठी फोनचंच ॲप ताणून बघावं लागायचं. जुने रिव्ह्यू वाचून ‘आयपॅडवर व्हॉट्सॲप नाही’ असं कुणी सांगितलं, तर ते आता खरं नाही.

‘८ जीबी + ८ जीबी’ म्हणजे १६ नव्हे

खोक्यावर असं लिहिलेलं असतं तेव्हा खरी रॅम ८ जीबीच असते. अधिकची आठ म्हणजे स्टोरेजचा तुकडा रॅमसारखा वापरणं, आणि स्टोरेज रॅमपेक्षा खूप हळू. ४ जीबी रॅमवर पीडीएफ आणि लेक्चर शेजारीशेजारी उघडली की टॅब अडखळतो. शक्य असेल तर ६ किंवा ८ घ्या.

स्टोरेज ६४ जीबी असेल तर त्यातला मोठा भाग सिस्टिमच खाते. लेक्चर डाउनलोड करून गाडीत बघायची असतील तर १२८ बरं. बऱ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये मेमरी कार्ड घालता येतं, आयपॅडमध्ये नाही.

सिनेमे बघणाऱ्यांसाठी एक छुपी गोष्ट. नेटफ्लिक्ससारख्या सेवा टॅबची वाइडवाइन पातळी तपासतात. ती एल-१ असेल तरच एचडी चित्र देतात. एल-३ असेल तर स्क्रीन कितीही भारी असो, चित्र ४८० पीवर अडकतं. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं. दुकानदाराला विचारा किंवा डेमो टॅबवर डीआरएम इन्फो नावाचं फुकटचं ॲप टाकून स्वतः बघा. एक मिनिट लागतं.

स्वस्त टॅब महाग कसा पडतो

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ‘आकाश’ टॅब आणला होता, आठवतंय? विद्यार्थ्यांसाठी, सुमारे ५० डॉलरचा. बातम्यांमध्ये गाजला. सात इंची स्क्रीन, पण ती बोटाने हळूच टेकून चालणारी नव्हती, दाबावी लागायची. रॅम २५६ एमबी. कल्पना चांगली होती, वस्तू वापरवत नव्हती.

आजचे स्वस्त टॅब तितके वाईट नसतात. ते दुसऱ्या जागी दगा देतात, अपडेटमध्ये. टॅब बिघडत नाही, त्याचं सॉफ्टवेअर म्हातारं होतं. आधी सुरक्षेचे अपडेट थांबतात, मग एकेक ॲप ‘हे डिव्हाइस चालणार नाही’ म्हणू लागतं. कंपनी किती वर्षं अपडेट देणार, हे बहुतेक वेळा तिच्या संकेतस्थळावर असतं. सॅमसंगने महागड्या टॅब एस१० मालिकेसाठी सात वर्षं सांगितली आहेत. ॲपल असा आकडा आधी सांगत नाही, पण २०१८ च्या साध्या आयपॅडला २०२३ मधली आयपॅडओएस १७ मिळाली होती. पाचेक वर्षं धरायला हरकत नाही. स्वस्त टॅबमध्ये कधी दोन वर्षं मिळतात, कधी काहीच सांगितलेलं नसतं.

आता भागाकार करा. १२ हजारांचा टॅब दोन वर्षं नीट चालला तर वर्षाला सहा हजार. २५ हजारांचा पाच वर्षं चालला तर वर्षाला पाच हजार.

सेलमधली मेख इथेच आहे. अपडेटची वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे, तर मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल ४० टक्के सुटीत मिळत असेल, आणि त्याला एकूण तीन वर्षांचे अपडेट असतील, तर तुमच्या वाट्याला एकच वर्ष आलं. सुटी बघण्याआधी मॉडेल कोणत्या महिन्यात आलं ते शोधा.

पेन आणि कीबोर्डचे पैसे किमतीत आधीच धरा. हाताने नोट्स काढायच्या असतील तर रबरी टोकाचं शंभर-दोनशेचं पेन नको. तळहात स्क्रीनला टेकला की रेघोट्या उठतात. टॅबचंच पेन लागतं. आयपॅडसाठी यूएसबी-सी वालं ॲपल पेन्सिल ७,९०० रुपयांना आहे, सॅमसंगच्या एस६ लाइट, एस९ एफई अशा टॅबसोबत पेन खोक्यातच येतं. कीबोर्ड घ्यायचा असेल तर दुकानात जोडून मराठीत दोन ओळी टाइप करून बघा. ‘महाराष्ट्र’ आणि ‘कर्तृत्व’ हे दोन शब्द लिहून दाखवले की परीक्षा झाली. मला विचाराल तर मराठीत बोलून टाइप करणं आता इतकं बरं झालंय की, प्रवासात कीबोर्ड न्यायची गरज बहुतेकांना नाही.

पैसे देताना

घरात अकरावी सायन्सचा विद्यार्थी असेल आणि तो ओबीसी, व्हीजेएनटी किंवा एसबीसी प्रवर्गातला असेल, तर खरेदीआधी ‘महाज्योती’चं संकेतस्थळ बघा. जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या प्रशिक्षणासाठी निवड झालेल्यांना तिथून टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा मोफत मिळतो. अर्जाची मुदत असते.

बाकीच्यांसाठी, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. ‘बिलाशिवाय दीड हजार कमी’ ही ऑफर घेऊ नका, वॉरंटी त्या बिलावरच असते. टॅबवर किंवा खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. परदेशातून आलेल्या खोक्यांवर तो बहुधा नसतो, आणि इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये अशा टॅबला कधीकधी दारातूनच परत पाठवतात.

‘नो कॉस्ट ईएमआय’ पूर्णपणे फुकट नसतो. बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडून जाते. २४ हजारांच्या टॅबवर १५ टक्के दराने सहा महिन्यांचे हप्ते धरले तर व्याज हजाराच्या थोडं वर येतं, त्यावर जीएसटी दोनशेच्या आत आणि फी वेगळी. मोठी रक्कम नाही, पण एकरकमी देताना कार्डावर सूट मिळत असेल तर तुलना करा.

ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. अनेक ठिकाणी टॅबचे पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून मिळतो, तोही ठरावीक दिवसांत. म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरी स्क्रीन लावून डाग बघा, सगळे स्पीकर ऐका, बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवा.

बहिणीने शेवटी ११ इंची वाय-फाय टॅब घेतला. ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, मॉडेल सहा महिन्यांपूर्वीचं. पेन वेगळं घ्यावं लागलं. कीबोर्ड तिने यादीतून काढला. पेन, कव्हर आणि स्क्रीनगार्ड धरून २४,७०० झाले. पाठवलेल्या पाच लिंकपैकी हा एकही नव्हता.

गेल्या आठवड्यात विचारलं, कसा चाललाय? म्हणाली, ‘सकाळी अंबरनाथ येईपर्यंत दहा प्रश्न होतात. संध्याकाळी मात्र पिशवीतून काढलेला नाही, एकदाही.’